नेपाळच्या आडदांड पोरी

सुवर्णपदक मिळालं की माणसाची मान वर होते म्हणतात. माझी अजून खालीच आहे.

आमच्या कॉलेजचा मुलींचा कबड्डी संघ नेपाळला गेला, तोही 'आंतरराष्ट्रीय' स्पर्धेला. जिल्ह्याच्या पहिल्याच फेरीत दरवर्षी मार खाऊन येणाऱ्या आम्ही, आणि एकदम परदेश! आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं झालं. आमची निवड कशी काय झाली, हे सरांना कुणी विचारलं नाही. मी तर बिलकुल नाही.

रेल्वे झाली, जीप झाली, मग घाटातली बस. अर्ध्या पोरी ओकून ओकून अर्धमेल्या. पोखऱ्याच्या मैदानावर पोचलो तर मुलींचे संघ दोनच. एक आम्ही, जाफराबाद तालुक्यातल्या, आणि दुसरा आमच्या शेजारच्या भोकरदन तालुक्यातला! नेपाळच्या पोरी आल्याच नव्हत्या. आम्ही आणि त्या एकमेकींकडं बघून पोट धरून हसलो. एवढे डोंगर ओलांडून आलो ते कुणाशी खेळायला, तर बाजाराच्या दिवशी एसटीत भेटणाऱ्या पोरींशी.

फायनलच्या सकाळी त्यांच्या कॅप्टनचा गुडघा सरावात सुजला. त्यांच्यातल्या दोघी पोट बिघडून खोलीतच पडून होत्या. मुळातच मोजक्या आलेल्या, त्यात मैदानात उतरायला त्यांच्याकडं पुरेशा पोरीच उरल्या नाहीत. पंचांनी थोडी वाट पाहिली, शिट्टी वाजवली आणि आमच्या कॅप्टनचा हात वर केला. मी बुटाची नाडी बांधली होती, ती सोडली. झालं सुवर्ण. परतीच्या गाडीत सर म्हणाले, "घरी फार खोलात शिरू नका."

कोण शिरू देतंय खोलात! आमच्या गावी, टेंभुर्णीच्या स्टँडवर डीजे, जेसीबीच्या तोंडातून फुलं, आणि पुढाऱ्यांच्याही वर आमचे फोटो असलेला फ्लेक्स. आबा, म्हणजे माझे वडील, गुलाबी फेटा बांधून सगळ्यांत पुढं. कुणीतरी विचारलं, कुणाला हरवलं गं? मी तोंड उघडायच्या आत आबाच ओरडले, "नेपाळला! त्यांच्या घरात जाऊन!" लोकांनी टाळ्या पिटल्या आणि मी हसले. आग लागो त्या हसण्याला.

पुढं ती मॅच आबांच्या तोंडी वाढतच गेली. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, कुणाच्या दहाव्यालासुद्धा. शेवटच्या चढाईत मी तिघींना बाद केलं, हे मला आबांकडूनच कळलं. त्यांनी ती मॅच माझ्यापेक्षा चांगली खेळली. एकदा ते सांगत असताना आईनं माझ्याकडं बघितलं, तर मी उठून आत गेले.

पुढच्या उन्हाळ्यात दादासाठी मुलगी बघायला आम्ही धावड्याजवळच्या एका गावात गेलो. आबा, मामा, दादा आणि मी. पाणी येण्याआधीच आबा सुरू झाले. "ही आमची धाकटी. इंटरनॅशनल हाये. नेपाळला हरवून आली."

मुलीचे वडील एकदम खुलले. "काय सांगता पाहुणे! आमची बी गेल्ती की नेपाळला! फायनलला थोडक्यात हुकलं. तिकडच्या पोरी लई आडदांड हो, गुडघाच मोडला हिचा."

त्या आडदांड पोरी म्हणजे आम्ही. तेवढ्यात पोह्यांचा ट्रे घेऊन ती आली, डोक्यावर पदर घेतलेला. बायोडाट्यातल्या फोटोत एवढा मेकअप होता, मी ओळखलंच नव्हतं. त्यांची कॅप्टन. तिनंही मला ओळखलं. ट्रे तसाच हातात धरून ती उभी राहिली.

आबा खुशीत. "मंग तुमची आमची गाठ न्हाई का पडली तिथं? सांग की गं!"

मी पोह्यांतल्या शेंगदाण्यांकडं बघत बसले. बोलली ती. "काका, समोर ह्याच होत्या. नेपाळच्या पोरी आल्याच न्हाईत."

"ए, जाय आत," तिचे वडील म्हणाले. त्यांचा चेहरा पार उतरला होता. आबांनी माझ्याकडं बघितलं. मी हो म्हणून मान हलवली.

आबांनी हसून घेतलं. "बरं, समोर कुणी का असंना. मैदानात हरवलं तर खरं ना माझ्या पोरीनं?"

"न्हाई काका. माझा गुडघा सुजल्ता. आम्ही उतरलोच न्हाई. खेळच झाला न्हाई."

खवचटपणा नव्हता तिच्या बोलण्यात. असता तर बरं झालं असतं, मला तिचा राग तरी करता आला असता. आबांनी पोहे शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ले, "पोहे बराबर झाले" म्हणाले, आणि कळवतो म्हणून उठले. तिच्या वडिलांनी जीपपर्यंत येऊन हात जोडले. दोघांनी एकमेकांच्या नजरेला नजर दिली नाही.

जीप गावाबाहेर पडली तेव्हा दादा म्हणाला, "मला पसंत हाये." एवढ्या मुली बघितल्या, पण हे तो पहिल्यांदा म्हणाला.

आबा बाहेर बघतच म्हणाले, "पोरगी लाख हाये. खरं बोलणारी हाये. पर उद्या घरात आली तर रोज तिच्या हातचं पाणी माझ्या घशाखाली कसं उतरंल रे?"

मी मागच्या सीटवर होते. आबा, चूक माझी आहे, त्या पोरीची नाही, एवढंच म्हणायचं होतं. शब्द जुळवता जुळवता गाव आलं.

दुसऱ्या दिवशी मामांनी मुलीकडच्यांना फोन करून सांगितलं, पत्रिका जुळत नाही. पत्रिका कुणी बघितलीच नव्हती. दादा तिथंच उभा होता. फोन होईपर्यंत तो थांबला, आणि मग माझ्याकडं न बघता बाहेर निघून गेला.