वुडलँड्समधला बांधाचा खटला

इंग्रजी सिनेमा मला डोळे मिटूनही समजतो. उघडे ठेवले की पंचाईत होते. शिक्षण सातवीपर्यंत, आणि इंग्रजीच्या तासाला मास्तर मला वर्गाबाहेर उभं करायचे, त्याला मी काय करणार? तरी परवा मी जो घोळ घातला त्याचा दोष इंग्रजीला देऊ नका. ती बिचारी निर्दोष आहे.

मी आणि कुसुम, माझी बायको, इथं सिंगापूरला लेकाकडे असतो. काचबिंदूनं कुसुमची नजर जवळजवळ गेली, तेव्हा लेकानं वाईच्या घराला कुलूप घातलं आणि आम्हाला वुडलँड्सच्या अकराव्या मजल्यावर आणून ठेवलं. डॉक्टर जवळ, लिफ्ट दारात, सून गुणाची. पण कुसुमचं आपलं एकच.

"घरी कधी जायचं हो? तिथं मला डोळे लागत नाहीत. मोरी कुठं, फळी कुठं, कुठली पायरी फुटकी, सगळं पायांना ठाऊक आहे."

मी म्हणतो, "विमानाचा ड्रायव्हर रजेवर गेलाय." ती हसते. दोन दिवसांनी परत विचारते, मी परत नवी थाप मारतो. वर्ष झालं, असंच चाललंय. आता तुम्हाला म्हणून सांगतो, जायचं मलाही आहे. वाईचं नाव काढलं की कृष्णेच्या पाण्याचा वास येतो नाकात. पण तिथं एकट्यानं हिला सांभाळायचं, आणि मलाच काही झालं तर? म्हणून थापा.

तर बिल्डिंगखालच्या हॉलमध्ये शनिवारी म्हाताऱ्यांसाठी सिनेमा लावतात. फुकट, वर बिस्किटं. परवाचा होता जुना, काळा-पांढरा. बोलणं इंग्रजी, खाली अक्षरं चिनी. म्हणजे माझा दोन्हीकडून बंदोबस्त.

कुसुम म्हणाली, "काय चाललंय ते सांगत राहा."

पडद्यावर कोर्ट. एक काळा माणूस मान खाली घालून बसलेला, बाकी सगळे गोरे, आणि त्याच्या बाजूनं बोलणारा एक गोरा वकील. आता कोर्टात माणसं कशासाठी जातात? मी आयुष्यात एकाच भानगडीसाठी गेलो होतो. म्हणून ठोकून दिलं, "बांधाची केस आहे. शेजाऱ्यानं बांध कोरला आणि आळ ह्या गरिबावर आलाय."

"आणि ते कोपऱ्यात कोण खोकलं?"

दोन ओळींत बारा माणसं बसली होती, गंभीर तोंडं करून. "ते पंच. जेवल्याशिवाय उठायचे नाहीत."

पुढच्या रांगेत कांबळेबाई होत्या. नागपूरच्या, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. लेक इथं संशोधक आहे. त्यांनी मागं वळून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, कौतुक.

मधे कोर्ट उठलं. कुसुमनं विचारलं, "तो गेला का घरी?"

"गेला की. जामीन झाला."

"घरी कोण आहे त्याच्या?"

"बायको. दारात उभी आहे. चहा टाकलाय."

कुसुमचा चेहरा असा काही खुलला, की माझी जीभ सैल सुटली. कोर्ट परत भरलं, वकील घाम पुसत बोलला, ते बारा जण आत गेले. मी सांगितलं, सुटला. बैलगाडीतून घरी गेला. पोरांनी वेशीपर्यंत येऊन हाका मारल्या.

तेवढ्यात पुढची चिनी आजी डोळ्याला रुमाल लावून हुंदके द्यायला लागली. तिच्या शेजारची पण. सगळा हॉल नाक ओढतोय.

"अहो, ह्या बाया का रडतायत?"

"आनंदानं. निकाल लागला ना. घरी सोडायला गाडी आलीय बघ."

पडद्यावर त्याला बेड्या घालून नेत होते.

कांबळेबाई वळल्या. आवाज अगदी हळू. "भाऊ, बांध नाही हो त्यात. त्यानं काहीच केलेलं नाही, ते तिथं सगळ्यांना कळलंय. तरी शिक्षा दिली. काळा आहे म्हणून."

"पण वकील तर चांगला होता?"

"चांगला होताच. माझ्या वडिलांनाही चांगला वकील मिळाला होता."

एवढं बोलून त्या पुढं वळल्या. माझ्या तोंडात अर्धं बिस्किट तसंच.

लिफ्टमध्ये कुसुम माझा हात धरून उभी. मी म्हटलं, "मस्त होता नाही सिनेमा?"

"शिक्षा झाली ना त्याला?"

"कांबळेबाई बोलल्या ते ऐकलंस होय?"

"त्याच्या आधीच कळलं. तो पहिल्यांदा बोलला तेव्हाच. गळ्यात आवंढा असलेला माणूस सुटत नसतो."

अकरावा मजला आला. दार उघडलं. ती चाचपडत बाहेर पडली, भिंतीला हात लावला आणि थांबली.

"त्या बिचाऱ्याला तीनदा घरी पोचवलंत तुम्ही. मला एकदा तरी पोचवा."