बापाच्या शिक्षेचा कागद

आता कोर्टाचे निकाल मोबाईलवर सापडतात. मी अहेरीकडे नक्कल विभागात होतो, तेव्हा ते धुळीत शोधावे लागत. शिक्षेच्या निकालाची नक्कल मागणारा माणूस सहसा खिडकीशी वाकून, हळूच बोलायचा. ती म्हातारी मात्र अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भाऊ, माया बापाले शिक्षा झाली होती. तो कागद पाहिजे."

जंगलात शेत नांगरलं म्हणून बाप पंधरा दिवस कैदेत होता. त्याच जमिनीच्या वनहक्क पट्ट्यासाठी आता जुना पुरावा हवा होता, आणि घरात दुसरा कागदच नव्हता.

तिला साल आठवत नव्हतं. "त्या साली मोह लय फुलला होता," एवढंच ती सांगे. तीन वेळा आली. दर वेळी चपला दाराबाहेर काढून फरशीवर बसायची, आणि मी एकेक गठ्ठा सोडत राहायचो.

शेवटी निकाल सापडला. मी वाचून दाखवला. आरोपी वनजमीन नांगरताना आढळला; एक पांढरा आणि एक तांबडा बैल जप्त केले.

"तांबडा नाई जी, काळा होता," ती लगेच म्हणाली. "लय मारका. माह्याच हातचं खाये."

मग तिने मला तो कागद पुन्हा वाचायला लावला. नक्कल घेण्याआधी तिने दोन्ही हात लुगड्याला पुसले.

"बरं झालं पकडलं त्याले," ती म्हणाली. "नाई तं माया बाप तिथी होता, हे कोनं मानलं असतं?"