गच्चीवरची मोहफुलं

नर्सिंग शिकताना मी चंद्रपुरात भाड्यानं राहत होते. तेव्हा माझ्या मायनं गच्चीवर वाळत घातलेली मोहफुलं घरमालकानं नालीत फेकली होती. "जंगली लोकं! घरभर वास करून ठेवला," असं सगळ्या गल्लीसमोर ओरडला. माय, सोमारी, रिकामी टोपली घेऊन खाली उतरली.

आता तेच घर विकायला निघालंय. आज आम्ही ते पाहायला निघालो, तर माय टोपलीत ओली मोहफुलं भरत बसलेली.

"माय, घर पाहाले जाऊन राह्यलो आपण. टोपली काऊन?"

"त्याच्या गच्चीवर फुलं पसरवाची."

"आणि त्यानं विचारलं, घर घेता का?"

"फुलं वाळल्यावर सांगू म्हणाचं. तवर राखण त्यानंच कराची. एकबी फूल कमी झालं, तर सौदा नाई."