पडद्याआडची कढई

बॅडमिंटनला मुलीला घेऊन येणाऱ्या त्या बाईंमुळे माझं दुकान आज चालतंय. त्यांचं नाव मला अजून माहीत नाही.

मी लातूरकडचा, आठवीत शाळा सोडलेला. रत्नागिरीत ओळखीचं कुणी नव्हतं, आणि क्लबातला वडापावचा गाळा दिवाळीपर्यंत चालला नाही तर काढून घेऊ, असं कमिटीने बजावलं होतं. लोक बघायला लागले की माझे हात चालत नाहीत, म्हणून मी पडदा लावून तळायचो.

या बाई समोरच्या बाकावर पर्स मांडीवर घट्ट धरून बसायच्या आणि मान वाकडी करून पडद्याच्या फटीतून आत बघायच्या. वडा कधी घेतला नाही. गाळा यांनाच हवाय, असं मी धरून चाललो.

एका संध्याकाळी त्या थेट काउंटरशी आल्या.

“तेल कधीचं रे?”

“आजचंच, आक्का. तुम्हाला काय करायचंय?”

“मला काय करायचंय? मेल्या, पडद्याआड तळतोस, म्हणून इथली एकही आई पोराला वडा घेऊन देत नाही. कढई पुढे आण.”

माझा मसाला बघायचा डाव असणार, म्हणून दोन दिवस ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईकच फिरकलं नाही, तेव्हा पडदा काढला. त्या बाकावरून उठल्या, बसलेल्या सगळ्या आयांदेखत कढईत डोकावल्या आणि दोन वडे मागितले.

आता खेळ सुटल्यावर तीन घाणे काढावे लागतात. मुलीचं शिबिर संपलं तशा त्या दिसेनाशा झाल्या. परक्यासाठी एवढं कोण करतं, हा संशय अजून जात नाही. तरी पुन्हा भेटल्या, तर आधी नाव विचारीन, आणि त्यांच्या घरी कार्य निघेल तेव्हा सगळ्या पाहुण्यांचा नाश्ता मी करीन.