मागाची खटखट

लेकीनं दोन आठवड्यांच्या बाळासाठी आवाजाचं एक यंत्र मागवलंय. पाऊस, समुद्र, पंखा, जे बटण दाबाल ते वाजतं. काल दुपारी तिनं ते सुरू केलं आणि मला ती स्वतः एवढीशी होती तेव्हाची एक दुपार आठवली.

सोलापूरच्या जुन्या पेठेतल्या माहेरी सव्वा महिना काढून मी तिला जुळे सोलापूर या नव्या वसाहतीतल्या आमच्या फ्लॅटवर आणलं होतं. तिकडे गाढ झोपणारी पोर इथं तीन दिवस रडत होती. पाजलं तरी रडायची. माझं दूधच तिला पुरत नाही, अशी माझी पक्की समजूत झाली. डोळे पुसत मी डब्याच्या दुधासाठी पाणी उकळायला ठेवलं, तेवढ्यात माझे वडील, अप्पा, आले. जन्मभर मागावर कापड विणलेला माणूस. दारातच थांबून त्यांनी कानोसा घेतला.

"अगं, हितं लई शांत हाय की! पोरीला भूक न्हाय, माग पायजे."

माहेरी भिंतीपलीकडे दिवसभर माग चालायचे. अप्पा झोळीशेजारी बसले आणि लाकडी पाटावर बोटांनी ठोकू लागले. खटक-खट, खटक-खट. पोर झोपली. मी गॅस बंद केला.

आता ते माग बंद पडलेत आणि अप्पाही नाहीत. काल यंत्रातला समुद्र ऐकून बाळ आणखीच रडायला लागलं. मी यंत्र बंद केलं आणि पलंगाच्या कडेवर बोटांनी ठोकू लागले. बाळ गप्प झालं, पण टक्क जागंच राहिलं.

लेक मात्र बसल्या बसल्या झोपली.