पहिलाच भाग बरा

परळच्या हॉस्पिटलात माझ्या भाचीशेजारच्या खाटेवर एक लहान मुलगी होती. तिची आई करी रोडला चाळीत राहायची. रोज दुपारी ती पदराने मोबाइल पुसून लेकीला एका छोट्या पोरीचा तोच तो कार्टूनचा सिनेमा लावून द्यायची आणि टोपीखाली बोटं घालून तिचं केस गेलेलं डोकं कुरवाळत बसायची.

"आई, आता दुसरा भाग लाव ना."

"तो बकवास आहे गं. पहिल्याची सर नाही त्याला."

मला राहवलं नाही. असल्या दुसऱ्या भागांत बहुतेक पाट्याच टाकलेल्या असतात, हे मलाही मान्य. पण हा मी भाचीबरोबर पाहिला होता.

"अहो, हा तर पहिल्यापेक्षा सरस आहे," म्हणत मी माझा मोबाइल पुढे केला.

तिने माझा हात धरून मला बाहेर व्हरांड्यात नेलं.

"ठाऊक आहे ओ ताई. मी पाहिलाय. पण त्यात ती पोरगी मोठी होते, कॉलेजात जाते."

आम्ही आत आलो, तर लेक माझ्या भाचीला विचारत होती, "तू पाहिलायस ना? पुढे काय होतं तिचं?"

आई दारातूनच म्हणाली, "पुढे काही नाही गं. तिथंच संपतं."