पूर्ण एक मिनिट

सोलापुरात आता मनगटाला घड्याळ कोण बांधतं? नवरदेव बांधतात, पण ते सासऱ्याचं मन राखायला आणि फोटोपुरतं. रिटायर झालेले मास्तर बांधतात, कारण नाही बांधलं तर हात उघडा वाटतो. बाकी गावाची वेळ कधीच खिशातल्या मोबाईलमध्ये जाऊन बसली. प्रतिक्षा सिस्टरला मात्र कुणी "अजून घड्याळ घालताय का?" असं विचारलं की राग यायचा. ती ते वेळ बघायला घालतच नव्हती. नाडी मोजायला घालायची, आणि त्याचा तिला ताठा होता. पुढं जे झालं त्यात या ताठ्याचा वाटा मोठा आहे, म्हणून तो आधीच सांगून टाकलेला बरा.

घड्याळ वडलांनी, धर्मपालांनी दिलेलं. ते गिरणीत कामाला होते आणि त्यांचा सगळा जन्म भोंग्यावर गेला. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की पळायचं. गिरणी बंद पडली आणि भोंगा मुका झाला, तेव्हा कितीतरी दिवस त्यांना जेवायची वेळ कळेना. लेक नर्सिंगला लागली त्या दिवशी त्यांनी पांढऱ्या तबकडीचं, बारीक लाल सेकंदकाट्याचं घड्याळ आणून तिच्या हातात ठेवलं. "आमी दुसऱ्याच्या भोंग्यावर जगलो," ते म्हणाले, "तुजी येळ तुज्या हातात ऱ्हाऊ दे." त्यांनी स्वतः कधी घड्याळ बांधलं नाही.

नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची, हे प्रतिक्षा शिकताना ऐकून आली आणि वीस वर्षं तिनं ते पाळलं. या वीस वर्षांत घड्याळाचे पट्टे चार बदलले, मिनिट बदललं नाही. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणणाऱ्या नव्या पोरींना ती वॉर्डात सगळ्यांदेखत झापायची. "भाजीचा हिशेब करायलीस का गं?" श्रावणी नावाची एक नवी सिस्टर होती, तिच्या मनगटावर पावलं मोजणारं काळं घड्याळ. ती एकदा म्हणाली, "सिस्टर, बोटाला मशीन लावलं की आकडा येतोय की. हात धरून उभं कशाला ऱ्हायचं?"

"मशीनला आकडा कळतो," प्रतिक्षा म्हणाली. "माणूस कळत नाही."

वाक्य झकास होतं. वॉर्डातल्या मावशींनीसुद्धा मान डोलावली. असली झकास वाक्यं माणसानं जपून बोलावीत, ती नंतर आपलाच पत्ता शोधत येतात.

गुरुवारी दुधनीहून चंद्रव्वा दाखल झाली. वय सत्तरीच्या पुढं, छातीत कफ, ताप. बोटं शेतात राबून राठ झालेली आणि कायम गार, त्यामुळे बोटाचं मशीन तिच्यापुढं हात टेकायचं. नुसत्या रेघा दाखवायचं. तेव्हा प्रतिक्षानं तिचा हात हातात घेतला, घड्याळ दोघींच्या मधे आलं आणि लाल काटा एक पूर्ण फेरी फिरला. चंद्रव्वा त्या काट्याकडं टक लावून बघत होती. "लई झ्याक पळतंय की, अक्का," ती म्हणाली. प्रतिक्षा हसली. म्हातारी घड्याळाचं कौतुक करते आहे असंच तिला वाटलं.

शुक्रवारी दुपारी घड्याळ बंद पडलं. सेल संपला होता, दुसरं काही नाही. नवी पेठेत सेल घालून देणारा माणूस आहे, दहा मिनिटांचं काम. पण शनिवारी एक सिस्टर आली नाही म्हणून डबल ड्युटी लागली, रविवारी घरी पाहुणे आले. वॉर्डातल्या भिंतीवरच्या घड्याळाला सेकंदकाटा नव्हता आणि मोबाईल ड्युटीवर लॉकरमध्ये ठेवायचा नियम. श्रावणीचं घड्याळ मागता आलं असतं. पण श्रावणीपुढं हात पसरायचा, तेही घड्याळासाठी? त्यापेक्षा प्रतिक्षानं बंद घड्याळच हातावर ठेवलं.

बाकी सगळ्यांचे आकडे मशीननं दिले. चंद्रव्वाचे प्रतिक्षानं दिले. रोज हात धरायची, सवयीनं घड्याळाकडं बघायची, बोटाखाली काहीतरी उडतंय एवढं जाणवलं की हात सोडायची आणि तक्त्यावर लिहायची. शहात्तर. अठ्ठ्याहत्तर. पुन्हा शहात्तर. पंचशीलातलं चौथं शील, मुसावादा वेरमणी, ती लहानपणापासून वडलांच्या मागं हात जोडून म्हणत आली होती. खोटं बोलणार नाही. पण आकडा लिहिणं म्हणजे काय बोलणं थोडंच, असं मनाला समजावता येतं. मन कुठं जास्त विचारतं?

सोमवारी सकाळी चंद्रव्वाचा मुलगा राजशेखर तिला व्हरांड्यात भेटला. सभ्य माणूस, पण आवाज चढलेला. "सिस्टर, अव्वाला काय सांगितलंय तुमी? काल तिनं गळ्यातली बोरमाळ काढून माज्या बायकोला दिली. दोन दिस झाले, पोटात घास न्हाय. डॉक्टर तर सुधारतंय म्हणत्यात."

"मी काही नाही सांगितलं," प्रतिक्षा म्हणाली. तो औषधं आणायला गेला आणि ती खाटेपाशी आली. सुनेनं दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी तशीच पडलेली होती. प्रतिक्षानं वाटी पुढं केली तर चंद्रव्वानं ती हातानं सारली. "साकु," म्हणाली. पुरे.

"आजी, असं करून कसं चालेल? ताप उतरलाय तुमचा."

चंद्रव्वानं आजूबाजूला बघितलं आणि आवाज बारीक केला. "ताप उतरू दे. माजा काटा थांबलाय न्हवं? आलो त्या दिशी तुमी हात धरला, तवा कसा तुरूतुरू पळत व्हता. तीन दिस झालं तुमी हात धरताय आन् त्यो जागचा हलंना. तुमी कुनाला बोलला न्हाय, माज्या लेकाला भ्या वाटंल म्हनून. कळतंय मला. लई चांगल्या हाय तुमी, अक्का."

प्रतिक्षाला आधी कळलंच नाही. मग तिनं मनगटावरच्या बंद घड्याळाकडं बघितलं. ही बाई समजत होती की तो काटा तिच्या नाडीवर चालतो. सिस्टरनं हात धरला की तिच्या अंगातलं रक्त तो काटा पळवतं. आणि तीन दिवस तिनं आपला मेलेला काटा डोळ्यांनी बघितला, एक शब्द न बोलता गळ्यातली माळ उतरवली आणि वर सिस्टरला चांगलं म्हटलं.

एका वाक्यात सगळं मिटलं असतं. आजी, घड्याळ बंद आहे. पण ते वाक्य तिच्या तोंडातून निघेना. घड्याळ बंद, मग आकडे कुठले? प्रतिक्षा बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आली आणि श्रावणीला "दहा मिनिटांत आले" म्हणून तशीच भर उन्हात नवी पेठेत गेली. सेल घालणाऱ्यानं विचारलं, "सिस्टर, अजून हेच वापरताय?" पहिल्यांदाच तिला त्या प्रश्नाचा राग आला नाही, लाज वाटली.

परत येऊन तिनं चंद्रव्वाचा हात धरला. लाल काटा पळायला लागला. म्हातारीनं एकदा काट्याकडं बघितलं, एकदा प्रतिक्षाकडं, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. राजशेखर समोरच उभा होता. त्याला कारण कळलं नाही, पण आईनं भाकरीची वाटी मागितली तेव्हा त्यानं सिस्टरला वाकून नमस्कार केला. प्रतिक्षा मागं सरकली. त्या नमस्काराखाली तिला जीव नकोसा झाला.

कारण या खेपेला तिनं पूर्ण मिनिट मोजलं होतं. नाडी एकशे चार होती. ताप नाही, धाप नाही, आणि एकशे चार. भीतीनं उडत होती बिचारीची नाडी. दोन-तीन दिवस ती भीती प्रतिक्षाच्या बोटाखाली धडधडत असणार आणि तिनं शहात्तर लिहिलं होतं. मशीनला माणूस कळत नाही म्हणे.

तक्त्यावर ऐंशी लिहिलं असतं तर कुणी विचारलं नसतं. संध्याकाळपर्यंत नाडी आपोआप खाली आली असती. पण तिनं पेन घेऊन एकशे चार लिहिलं आणि राउंडला आलेल्या डॉक्टरांना सांगितलं की वरचे तीन आकडे अंदाजाचे आहेत, घड्याळ बंद होतं. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "सिस्टर, तुम्ही?" एवढंच म्हणाले. श्रावणी शेजारीच उभी होती. ती खाली बघत राहिली, आणि ते टोमण्यापेक्षा जास्त झोंबलं.

दुपारी वॉर्ड शांत झाल्यावर प्रतिक्षा चंद्रव्वाच्या खाटेपाशी स्टूल ओढून बसली. मनगटावरचं घड्याळ सोडून तिनं उशीवर ठेवलं. कुणाचाही हात न लागता लाल काटा पळत होता.

"आजी, हा काटा तुमच्या नाडीवर चालत नाही. आत सेल असतो, त्याच्यावर चालतो. सेल संपला होता म्हणून थांबला होता. तुम्हाला काही झालं नव्हतं." मग ती म्हणाली, "मला माहीत होतं बंद आहे ते. तरी मी बघत होते."

चंद्रव्वानं एक बोट काट्यासमोर धरलं, मागं घेतलं, पुन्हा धरलं. काटा आपला पळतच होता. मग तिनं विचारलं, रागानं नव्हे, खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं.

"मग तीन दिस माजा हात धरून तुमी काय बगत व्हता, अक्का?"

प्रतिक्षाकडं उत्तर होतं. शुक्रवारी ती तिसऱ्या खाटेचं संपत आलेलं सलाईन बघत होती, शनिवारी घरी जायची वेळ, रविवारी पाहुण्यांना स्वयंपाक काय करायचा ते. हे त्या म्हातारीला सांगायचं कसं? चंद्रव्वानं घड्याळ उचलून प्रतिक्षाच्या ओंजळीत दिलं आणि कूस बदलली.

संध्याकाळी पुन्हा नाडी बघायची वेळ झाली. चंद्रव्वानं हात पुढं केला. काटा पळत होता, पण आता तिची नजर काट्यावर नव्हती, प्रतिक्षाच्या तोंडावर होती. प्रतिक्षानं ओठ हलवत पूर्ण एक मिनिट मोजलं. वर बघायचा तिला धीर झाला नाही.